उजवी पानं

"थांब वसुंधरा," अंजनाबाई म्हणाल्या. "मधातलं काही तरी सुटलं."

"काही नाही सुटलं, ताई. आहे तसंच वाचून राहिली मी."

"आता तं सासू चुलीपाशी उभी होती. एकदम स्टेशनावर कशी पोचली? उडून गेली का?"

वसुंधराबाईंना हसू आलं. टॅबलेटवर बोट फिरवताना दोन पानं एकदम सरकली असतील. त्या मागे गेल्या. अकरावं पान. पुढचं तेरावं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बारावं काही येईना.

"लवकर काढ वो बाई. तेच तं ऐकायचं हाय मले."

तेच ऐकायचं होतं, हे वसुंधराबाईंनाही ठाऊक होतं. काचबिंदूनं अंजनाबाईंची नजर पार गेली होती. हुडको कॉलनीतल्या या घरात त्या आता भिंतीला हात लावून फिरायच्या. पण आजवर कोणाकडे काही मागितलं नव्हतं बाईनं. काल पहिल्यांदा निरोप धाडला, मले ते पुस्तक वाचून दाखव. कोणतं, हे विचारायची गरजच नव्हती. त्यांचे यजमान बळीराम रेल्वेत गार्ड होते, दुर्ग लाइनीवर. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरहून आले ते साडी आणायची सोडून ही कादंबरी घेऊन. हिच्याच ओळींवर बोट ठेवून त्यांनी बायकोला वाचायला शिकवलं. कादंबरीत एका जागी सासू सुनेला खोचून विचारते, आणि सून असं काही उत्तर देते की बळीराम दर वेळी पोट धरून हसायचे.

"त्यायचं हसणं अजून कानात हाय माह्या," अंजनाबाई म्हणाल्या. "पण ते उत्तर काही केल्या आठवत नाही. बसल्या बसल्या तेच आठवून राहते मी. तेवढं ऐकव. बाकीचं नाही वाचलं तरी चालते."

सासूचा प्रश्न अकराव्या पानाच्या अगदी तळाशी होता. उत्तर पान उलटल्यावर.

वसुंधराबाई पुढे सरकत गेल्या. तेरा, पंधरा, सतरा. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. मग तिसरं. सगळीकडे उजव्या हाताचीच पानं. डाव्या हाताचं एकही नाही.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ही पुस्तकं ज्या ॲपवर होती, ते ई-वाचनालय त्यांचंच होतं. मराठी मंडळाच्या अध्यक्ष त्याच. मागल्या वर्षी मंडळाची सगळी पुस्तकं पावर हाउस बाजारातल्या एका दुकानात गेली. तिथं कटिंग मशीनवर पुस्तकांच्या पाठी उडवल्या, म्हणजे सुटी पानं स्कॅनरमधून भराभर निघतात. पुढे गठ्ठे रद्दीत. कपाटं गेली, तिथं एसी आला. फीत कापली, पेढे वाटले, रायपूरहून ढालसुद्धा मिळाली. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! पण तोंडात पेढा असताना असलं कोणाला सुचतं?

बळीरामांची बाकीची पुस्तकं अंजनाबाईंनी मुकाट्यानं दिली होती. एवढं एक देत नव्हत्या. तेव्हा वसुंधराबाई स्वतः आल्या होत्या, याच खाटेवर बसल्या होत्या. "घरी ठेवाल तं वाळवी खाईल, ताई. मोबाइलमधी गेलं का अमर झालं. मी नाही का, रोज फोनवरच वाचते आता!" ते ऐकून अंजनाबाईंनी पुस्तक दिलं. हेच वाक्य त्यांनी उद्घाटनाच्या भाषणातही टाकलं होतं. भरपूर टाळ्या पडल्या होत्या.

त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरीला, प्रशांतला, फोन लावला. फोन खाटेवर ठेवून स्पीकरवर बोलल्या.

"असं कसं होईल, काकू?" प्रशांत म्हणाला. "रुका, पाहतो." थोडा वेळ नुसता कीबोर्ड वाजत राहिला. "अरे यार! एकाच साइडनं स्कॅन मारलं त्यानं."

"कोणतं पुस्तक?"

"सगळेच. पूरे के पूरे."

"आणि ते कागद?"

"कागद आता कुठले, काकू? उद्घाटनानंतर महिनाभर दुकानात पडून होते, मंग रद्दीवाल्यानं नेले. लगदा होऊन गेला असंल."

खाटेवर अंजनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"अरे गाढवा," वसुंधराबाई ओरडल्या, "एकानं तरी उघडून पाहायचं होतं ना!"

"पाहिलं ना. कव्हर, पयलं पान, सब बराबर." प्रशांतही चिडला. "आणि मले कावून बोलता, काकू? हजार लोकांनी ॲप घेतलं. वर्ष झालं. एकाची कंप्लेंट नाही आली. एकाचीबी नाही! मंग मी काय समजू?"

वसुंधराबाईंनी फोन बंद केला.

"ऐकलं ना, ताई? हजार लोक! मेल्यांनो, वाचायचं नव्हतं तं टाळ्या कावून वाजवल्या? एकानं, अहो एकानं जरी दोन पानं उलटली असती तं त्याच दिवशी समजलं असतं. कागद तेव्हा दुकानातच पडून होते. तुमचं पुस्तक वाचलं असतं."

अंजनाबाईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"पण वसुंधरा," त्यांनी विचारलं, "तू तं रोज वाचत होती ना?"