न बसणारे पाय

लेकीच्या कन्यादानाला नवऱ्याशेजारी पाटावर बसून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच हेमांगी टिळवे पुन्हा उठल्या. तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून त्यांच्या पायांवर निळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं. महिन्यापूर्वी इंजेक्शनमधून सोडलेल्या सूक्ष्म यंत्रांनी त्या शिरा बुजवल्या. पण आता रक्त खेळतं ठेवायला ती यंत्रं पोटऱ्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. हे कधी थांबेल, डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

"ऋता, आमच्या जागी काका-काकूंना बसव," येरझारा घालत त्या मुलीला म्हणाल्या.

नवरी मुलगी उठली. तिनं आईचा हात धरला. "गुरुजी, तुम्ही मंत्र म्हणा. आम्ही चालता चालता करू."

गुरुजी क्षणभर घुटमळले. मग पोथी उचलून दोघी, वडील आणि नवरदेव यांच्या मागोमाग मांडवभर चालू लागले.