डोक्यावरचा हात

"आज रुमाल जवळ ठेवा," शिलाईवाली म्हणाली. तिने मोबाइल चालू करून पत्र्याच्या रिकाम्या बादलीत ठेवला. बादलीतून आवाज हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या चारी कोपऱ्यांत पोचतो, हा शोधही तिचाच.

दुपारी यंत्रं थांबली की चौघी घड्या घालायला उभ्या राहत आणि घड्या घालताना काहीतरी ऐकत. गाणी नाहीत. गाण्यांवर चौघींचं एकमत व्हायचं तर सूर्य पश्चिमेला उगवावा लागला असता. म्हणून रेडिओवरच्या मुलाखती, माहितीचे कार्यक्रम, नुसतं माणसांचं बोलणं. रोज एकीने सुचवायचं आणि बाकीच्यांनी नाक न मुरडता ऐकायचं. मधमाश्या पाळणारी आजीबाई ऐकून झाली होती, दीपगृहावर जन्म काढलेला म्हातारा ऐकून झाला होता. सुचवणारीने आधी काही फोडायचं नाही, हा नियम मावशींनी घातलेला. कारण शिलाईवालीच्या तोंडात तीळ भिजत नसे. दीपगृहवाल्याचा शेवट तिने सुरुवातीलाच सांगून टाकला होता.

"एवढंच सांगते, मावशी," ती आताही म्हणाली, "माणूस ट्रक चालवायचा. पुढचं त्याच्याच तोंडून ऐका. मी दोनदा ऐकलंय."

"मग आम्हाला एकदा तरी ऐकू दे बाई," मुकादमबाई म्हणाल्या.

मावशी सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्या. एकट्याच राहत. मुलगा लांब असतो, एवढंच त्यांनी सांगून ठेवलेलं. त्यापुढे कोणी विचारलं की त्या दुसरी चादर उचलत. त्यांची जोडी चौघींतल्या धाकटीशी. दोघींनी चादरीची टोकं धरायची, ताणायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक जुळवायचं.

बादलीतला माणूस सावकाश बोलत होता. दारू प्यायलो होतो, हे त्याने आधीच कबूल केलं. वखारीजवळच्या वळणावर सायकलवरचा मुलगा दिसला, तोवर उशीर झाला होता.

"सायकलच्या कॅरिअरला चित्रांच्या कागदांची गुंडाळी होती," तो म्हणाला. "ती सुटली. कागद रस्ताभर उडत होते. आणि मी गाडीतून उतरलो नाही."

धाकटी टोकं घेऊन चालत आली, पण समोरून घ्यायला हात पुढे आलाच नाही.

"मावशी, धरा ना."

मावशींनी धरलं. घडी वाकडी पडली. एरवी वाकडी घडी दिसली की मुकादमबाईंच्या अंगाची लाही व्हायची, पण त्या घड्या सोडून स्टुलावर बादलीकडे कान लावून बसल्या होत्या. बंद कर, एवढं मावशींनी म्हटलं असतं तर शिलाईवालीने मोबाइल बंद केला असता. मग का, ते सांगावं लागलं असतं. मावशींनी दुसरी चादर उचलली.

तुरुंगातून सुटून तो आता नव्या चालकांना शिकवत होता. दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. मुलाखत घेणारीने विचारलं, हा बदल कुणामुळे झाला?

"त्या मुलाच्या आईमुळे," तो म्हणाला. "निकालाच्या दिवशी मला कोर्टाच्या व्हरांड्यातून नेत होते. ती गर्दीतून घुसून समोर आली. मला वाटलं, आता ही मारणार. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. एक शब्द बोलली नाही. पोलिसांनी तिला लगेच बाजूला केलं. त्या माऊलीने मला माफ केलं हो. आज मला रात्री झोप लागते, ती त्या हातामुळे."

त्याचा आवाज भरून आला. शिलाईवालीने नाक ओढलं. धाकटीने बाहीला डोळे पुसले.

"कुठल्या मातीची असेल ती बाई," मुकादमबाई म्हणाल्या. "माझ्याच्याने नसतं झालं."

"म्हटलं नव्हतं?" शिलाईवालीने मोबाइल बादलीतून काढला. "बहिणीला पाठवलीय, शेजारणीला पाठवलीय. सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. मावशी, तुम्हाला नाही का आवडली? डोळ्यांत टिपूस नाही तुमच्या."

मावशींनी घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. मुलाचं म्हणून त्यांच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. कागदही कुणी गोळा केले नव्हते. उरला होता तो फक्त राग. कुणाला न दाखवता तो त्यांनी इतकी वर्षं जपला होता, आणि आज तोही त्या माणसाने नेला होता. वर त्या रागावरच डोकं टेकून तो माणूस सुखाने झोपत होता.

"मावशी?"

"हात ठेवला नव्हता," मावशी म्हणाल्या.

"कुणी?"

"मी."

मुकादमबाई स्टुलावरून उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

मावशींनी चादर धाकटीच्या हातात दिली. उजवा हात समोर धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी मूठ आवळली.

"केस धरायला गेले होते. धरून भिंतीवर आपटायला." त्यांनी मूठ उघडली. "तुरुंगात डोकं भादरलं होतं त्याचं. हातात काही आलं नाही."