समुद्राकडची खोली

धाकट्या जावेने मोबाइलवर रिसॉर्टचे फोटो दाखवले. "दरवर्षी एक आठवडा ही खोली आमचीच, जन्मभर!" माझ्या पोटात दुखायला लागलं. नवरा म्हणत राहिला, "आधी जागा बघू, कागद वकिलाला दाखवू." कोण ऐकतंय! तिच्याच एजंटाला गाठलं, तिच्याहून मोठी, समुद्राकडची खोली मागितली आणि तिथल्या तिथे सही ठोकली.

सुट्टीत बॅगा घेऊन पोचलो, तर त्या पत्त्यावर कुंपण आणि आत नुसतं गवत. तिथूनच जावेला फोन लावला.

"अगं, इथे काहीच नाहीये!"

"माहितीये. आम्ही गेल्या वर्षीच जाऊन आलो."

"मग ते फोटो?"

"जाहिरातीतले. ताई, मी एकटीच फसले हे कळलं असतं, तर तुम्ही जन्मभर दात काढले असते."