पाटावरची जागा

गेटवरच्या पाटीवर 'डिलेड' उमटलं तेव्हा सुशांतनं कपाळाला हात लावला नाही. दर वेळी लावला असता तर एव्हाना कपाळ झिजून गेलं असतं. तो मुकाट्यानं उठला आणि पब्लिक फोनच्या रांगेत जाऊन उभा राहिला. विमान बदलायला तो शिकागोत उतरला होता आणि तिथे धुकं पडलं होतं. डेट्रॉइटची विमानं सकाळपर्यंत सुटणार नव्हती.

गेलं वर्षभर हेच चाललं होतं. सोमवारी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या घरून निघायचं, शुक्रवारी पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून परतायचं. सन दोन हजार उजाडल्यावर क्लायंटचे कॉम्प्युटर वेड्यासारखे वागू नयेत, एवढं बघायचं. कॉम्प्युटरचं तर तो बघत होता, पण त्या नादात त्याचं स्वतःचं अठ्ठ्याण्णव साल परस्पर निघून चाललं होतं. विमान कंपनीनं त्याला सोनेरी कार्ड दिलं होतं. काउंटरवरच्या बाया त्याला नावानं हाक मारायच्या. घरी मात्र शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला एकदा पाहुणा समजून किती दिवस मुक्काम आहे, असं विचारलं होतं. या फेऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ग्रीन कार्डाचे कागद कंपनीच्या हातात होते.

नव्या घराची सत्यनारायणाची पूजा तीनदा पुढे गेली होती. एकदा बर्फामुळे, एकदा वैमानिकच वेळेवर आला नाही म्हणून, एकदा विमानाचं दार नीट लागेना म्हणून. तिन्ही वेळा त्याच्या बायकोनं, आसावरीनं केलेला शिरा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खाल्ला. या खेपेला तिनं सांगून ठेवलं होतं की शनिवारी सकाळी पूजा होणार म्हणजे होणार, तू अस नाहीतर नस. पाच वर्षांच्या लेकीला, उपासनाला मात्र सुशांतनं शब्द दिला होता की बाबा पाटावर बसणारच.

फोनवर आसावरी चिडली नाही. बरं, म्हणाली आणि फोन ठेवून दिला. चिडली असती तर परवडलं असतं. त्यानं सरळ भाड्याची गाडी घेतली आणि रात्रभर धुक्यात चाचपडत, वाटेत दोनदा कॉफीला थांबून, अख्खं मिशिगन आडवं कापत ट्रॉय गाठलं.

ड्राइव्हवेत पाहुण्यांच्या गाड्या होत्या आणि दाराशी चपलांचा ढीग. टाय सोडत तो धावत आत शिरला आणि जागच्या जागी थबकला. चौरंगासमोर दोन पाट होते. एकावर पैठणी नेसलेली आसावरी. दुसऱ्यावर, म्हणजे त्याच्या पाटावर, त्याच्या उपरण्याची घडी, तिच्यावर मूठभर तांदूळ आणि तांदळावर एक सुपारी.

पूजा सांगत होते ज्ञानदेवकाका. आठवडाभर मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर आणि शनिवार-रविवारी सगळ्या ट्रॉयचे भटजी. बायको नसली की यजमानाशेजारी सुपारी ठेवतात, मग नवरा नसला तर का नाही, असं आसावरीनं त्यांना विचारलं होतं, आणि काकांनी सुपारी काढून दिली होती. सुशांत पाटाकडे सरकला तशी काकांनी पळी वर धरून त्याला अडवलं.

"संकल्प झालाय. आता मधेच यजमान बदलता येत नाही. मागे बसा."

सोनेरी कार्डवाला गृहस्थ आपल्याच घरात शेवटच्या रांगेत, पाहुण्यांच्या कोटांच्या ढिगावर जाऊन बसला. काका पोथीतल्या व्यापाऱ्यापाशी आले होते. पूजा पुढे पुढे ढकलणारा आणि धंद्यासाठी परमुलखात हिंडणारा तो व्यापारी. हळूहळू सगळ्या माना मागे वळल्या. पाहुण्यांतल्या रत्नामावशींनी तर पदर तोंडाला लावून हसून घेतलं. सुशांतलाही हसू आलं. करतो काय बिचारा.

उपासना सुपारीला एकेक फूल वाहत होती. त्यानं हळूच तिला मांडीवर बोलावलं. ती आली, कानाशी लागली.

"नॉट नाऊ, बाबा. सुपारी इज अलोन. तिच्याजवळ कोण बसणार?"

आणि लगेच पळत जाऊन सुपारीशेजारी मांडी घालून बसली. सुशांतचं हसू तिथल्या तिथे विरलं. लाज वाटली, राग आला तो स्वतःचाच आला, आणि भरल्या घरात कोटांच्या ढिगावर त्याचे डोळे वाहायला लागले. मोहन नावाच्या नागपूरच्या भल्या माणसानं काही न विचारता त्याच्या हातात पेपर नॅपकिन ठेवला.

आरती झाली, प्रसाद झाला, पाहुणे पांगले. आसावरीनं पाटावरची सुपारी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. तिचा आवाज चढलेला नव्हता, फार थकलेला होता.

"छान बसली होती रे. एकदाही उठली नाही. पण मला ती नकोय. तू ठेव. ज्या जागेवर तुला बसायचं नसेल, तिथे ठेव."

रविवार त्यानं बॅग न भरताच काढला. सोमवारी सकाळी तो एअरपोर्टऐवजी ट्रॉयच्याच ऑफिसात मॅनेजरसमोर जाऊन उभा राहिला. यापुढे आपण बेलव्ह्यूला जाणार नाही, काम देणार असाल तर इथलं द्या, असं त्यानं सांगून टाकलं. मॅनेजरनं ग्रीन कार्डाची आठवण करून दिली. मग चष्मा काढला आणि विचारलं, क्लायंट तिकडे वाट बघतोय, तुझ्या खुर्चीत आता बसणार कोण?

सुशांतनं खिशात हात घातला आणि सुपारी टेबलावर ठेवली.