जांभई आढळली

"घरी सांगितलंयस ना?" डेपो मॅनेजरने त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगितलं," ड्रायव्हर म्हणाला आणि टायरकडे बघू लागला.

दोघांनी ट्रकच्या एकाच केबिनमध्ये सात वर्षं काढली होती. हा गडी खोटं बोलताना टायर बघतो, हे मॅनेजरला ठाऊक नसेल असं नाही. पण त्याने किल्ली हातावर ठेवली आणि अट सांगितली. काचेच्या बरण्यांचा माल आहे. मधे कुठेही न थांबता घाट उतरायचा आणि माल खाली पोचवायचा. जमलं तर उद्यापासून नोकरी पक्की. नाही जमलं तर मैत्री आहेच, गाडी मात्र नाही.

घाट तोच होता. नऊ वर्षांपूर्वी तिथे ब्रेकने मान टाकली आणि ट्रक कठड्यावर जाऊन बसला. चार बरगड्या सोडल्या तर माणूस शाबूत राहिला. बायको दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती. घरी न्यायच्या दिवशी तिने एकच मागणं केलं, पुन्हा त्या सीटवर बसायचं नाही. तो हो म्हणाला.

त्यानंतर नऊ वर्षं त्याने एका बिल्डिंगचं फाटक उघडलं आणि लावलं. लोकांच्या गाड्या आत गेल्या, बाहेर आल्या. हा जागच्या जागी. झोपेत मात्र त्याचा डावा पाय क्लच दाबायचा. बायकोच्या पोटरीवर काळेनिळे डाग उठायचे. पलंगाचा कोपरा लागतो, असं ती म्हणे. मग तोही पलंगाला दोन शिव्या हासडत असे.

आता डेपोत जागा निघाली, तेव्हा त्याने घरी सांगितलं की गोदामात देखरेखीचं काम मिळालंय. बायको "बरं" म्हणाली. आज सकाळी डबा हातात देताना तिने ठेवणीतले कपडे घातले होते. धाकट्या बहिणीकडे जाऊन येते म्हणाली. "अहो, पाण्याची बाटली राहिली," एवढंच वर बोलली. सुटलो, असं त्याला वाटलं.

केबिनमध्ये आरशाखाली पाटीएवढा स्क्रीन बसवला होता. मॅनेजरने माहिती दिली. कॅमेरा तुला बघतो, माइक ऐकतो, आणि वरच्या ऑफिसातली यंत्रणा या स्क्रीनवर सूचना पाठवते. वाद घालू नकोस. ती सगळं ऐकते, पण मानत काही नाही.

"म्हणजे घरच्यासारखंच की," ड्रायव्हर म्हणाला.

मॅनेजरला हसू यायला हवं होतं. त्याला खोकला आला.

गाडी हलली. "सीटबेल्ट लावा," स्क्रीनवर उमटलं. त्याने लावला. "डावा आरसा नीट करा." त्याने केला. तासाभराने अक्षरं उमटली, "जांभई आढळली." हे त्याला लागलं. आढळली म्हणजे काय, चोरीचा माल आहे का, असं त्याने विचारून पाहिलं. यंत्रणेने उत्तर देणं कमीपणाचं मानलं.

पण रस्ता लांब होता आणि ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. त्याने फाटकाची हकीकत सुरू केली. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांना नऊ वर्षांत त्याचं नाव विचारावंसं वाटलं नाही. त्यांचा कुत्रा मात्र त्याला बघून शेपूट हलवायचा. माणसाने कुत्र्याच्या ओळखीवर किती दिवस काढायचे?

"पाणी प्या," स्क्रीनवर आलं.

घसा खरोखरच कोरडा पडला होता. यंत्राला बरीच अक्कल घातलीय, असं म्हणत त्याने बाटली तोंडाला लावली. मग विषय आपोआप बायकोवर आला. अठ्ठावीस वर्षांत तिच्याशी हे पहिलंच खोटं. चार-पाच किरकोळ होती, ती धरायची नाहीत.

"ती नको म्हणाली असती तर मी ऐकलं असतं," तो म्हणाला. "म्हणून तर विचारलंच नाही."

स्क्रीन बराच वेळ कोरा होता.

घाट आला. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा धंद्यातला पहिला धडा. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घातली. पहिली दोन वळणं हातांनीच घेतली, डोक्याला विचारलंही नाही. तिसऱ्यावर कठडा दिसला. जुन्या काळ्या दगडांत मधेच आठ-दहा हात नवं बांधकाम. त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. वेग उतरत गेला, मागे हॉर्न वाजू लागले. आणखी थोडं, की गाडी उभी. आणि गाडी उभी राहिली की पुन्हा फाटक.

"श्वास सोडा," आरशाखाली अक्षरं उमटली.

त्याने सोडला.

"पाय ब्रेकवरून काढा. इंजिनाने गाडी धरलेली आहे."

त्याने काढला.

"कठडा बघू नका. रस्ता बघा."

त्याने रस्ता बघितला. रस्ता नेहमीसारखाच होता, पुढे जाणारा. चौथं वळण गेलं, पाचवं गेलं, अकराव्यानंतर जमीन सपाट झाली. मागे एकाही बरणीने आवाज केला नव्हता.

माल पोचवून, बरण्या मोजून दिल्यावर तो पुन्हा केबिनमध्ये येऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून पोरासारखा रडला. बऱ्याच वेळाने त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

"बाई, एक उपकार कर," तो म्हणाला. "माझा पाय ब्रेकवर अडकला ते ऑफिसला खुशाल सांग. पण बायकोचं जे बोललो, ते पुसून टाक. आज घरी गेलो की मीच सांगतो. ती म्हणाली सोड, तर सोडेन. पण तिला माझ्याच तोंडून कळू दे. तू सांगू नकोस."

स्क्रीनवर मग अक्षरं एकेक करून उमटली, कुणीतरी एका बोटाने टाइप करावं तशी.

"सांगायला कशाला हवं? अहो, आधी डोळे पुसा, मग गाडी हलवा."