फ्रीज बंद पडला तेव्हा

सुट्टीनंतर ताई प्रयोगशाळेत शिरली तर फ्रीजखाली पाण्याचं तळं! "परवाच बंद पडलाय," शिपाईमामा ओशाळून म्हणाले. ताईनं झटकन फ्रीज उघडला. फ्रीजमधल्या दुधातही मजेत वाढणाऱ्या रोगजंतूंचं थंडी सोसायचं जनुक तिनं उडवलं होतं. तेव्हापासून गारठ्यात ठेवलेली, जंतू वाढवायची तिची काचेची प्लेट कोरी करकरीत होती. "जनुकाचं कौतुक राहू दे," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सुनावलं होतं, "प्लेटवर पसरतानाच तू तापलेल्या सुईनं जंतू भाजलेस. मेलेल्याला थंडी काय नि ऊब काय! सोमवारी प्रयोग बंद." आज सोमवारच. प्लेट उजेडात धरताच ती किंचाळली. मोहरीएवढे पांढरे ठिपके दाटीवाटीनं उगवले होते! "मॅडम, जिवंत आहेत हो! नुसती थंडी सोसत नव्हती त्यांना!" मॅडमनी चष्मा पुसून प्लेट निरखली. "मामा," त्या हसू दाबत म्हणाल्या, "फ्रीज आजच दुरुस्त करवून घ्या. हिला अजून खूप गारठा लागणार आहे."