पाळण्याचे पंख

"ती वरची काच बंद कर," आसावरीबाई म्हणाल्या.

सौमित्रने आईपुढे धरलेलं विमान तसंच अधांतरी राहिलं. कळव्याच्या घरातल्या मागच्या खोलीत महिनोन्महिने खपून त्याने ते केलं होतं. वडिलांचं नॅट, हवाई दलाचं छोटं लढाऊ विमान. एकाहत्तरच्या युद्धात ते घेऊन उडालेले वडील परतलेच नव्हते. ना विमान सापडलं, ना माणूस. तारेत लिहिलं होतं, बेपत्ता. त्यानंतर चार महिन्यांनी सौमित्र जन्मला.

बाजारात तयार सुटे भाग मिळाले असते. त्याला ते नको होते. हवाई दलाच्या तळावरून आलेल्या वडिलांच्या ट्रंकेचा पत्रा कापून त्याने विमानाचं अंग केलं. चाकं म्हणून त्यांच्या कोटाची बटणं लावली. पंख स्वतःच्या पाळण्याच्या सागवानाचे. ते मापापेक्षा बरेच लांब झाले होते.

"असं विमान उडेल का रे?" बायकोने, मृणालने, हसत विचारलं होतं.

"आईला आवडेल," एवढंच तो म्हणाला होता.

वैमानिकाची जागा त्याने रिकामी ठेवली आणि वरची काच उघडी. म्हणजे बाबा वेळेत बाहेर पडले. सीमेपलीकडच्या कुठल्यातरी तुरुंगात असतील, सुटतील. याच आशेवर घर चाललं होतं. सौमित्रने दिल्लीला खेटे घातले. तिकडून सुटून आलेल्या कैद्यांना गाठून फोटो दाखवले. आसावरीबाई आजही रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावत.

"बंद केली तर बाबा आतच राहतील, आई."

"आतच आहेत रे ते." आवाज अजिबात कापला नाही. "मला केव्हाच कळलंय."

"मग हे कुंकू?"

"तू दिल्लीला जात होतास ना. मी पुसलं असतं, तर तू कोणाला शोधायला गेला असतास?"

बाबा येतील ही आशा सौमित्रने तरुणपणीच सोडली होती. तरी तो जात राहिला, आईने कुंकू पुसू नये म्हणून. हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि आईच्या डोळ्यांकडे बघून मिटलं. तिला कळलं होतं.

पाळण्याचा उरलेला तुकडा घेऊन तो खाली बसला. बोटाएवढा माणूस कोरला. चेहरा काही जमेना. फोटोबाहेर तो त्याने पाहिलाच नव्हता. आसावरीबाईंनी तो बिनचेहऱ्याचा माणूस तसाच हातात घेतला, अंगठ्याने त्याच्यावरचा भुसा पुसला आणि आत बसवला. काच दाबून बंद केली.



"तिथी ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "सर्वपित्री अमावास्येला त्यांचं पान वाढू."